व्हायरसच्या नावाखाली गुटखा सुटतोय का?

कुळागरवाला (फोंडा): 'तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही व्हायरसमुळे होतो' असा मेसेज सगळीकडे फिरतोय. एचपीव्ही म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा व्हायरस. बसस्टँडवर एकानं तो मला दाखवला, गालात तोबरा धरूनच. म्हणे, उगाच तंबाखूला बदनाम करतात! त्यातला एचपीव्ही-१६ हा प्रकार खोटा नाही, पण त्याचा मुक्काम मुख्यतः टॉन्सिलमध्ये आणि जिभेच्या मुळाशी. आपल्याकडचा कॅन्सर बहुधा गालाच्या आत, खालच्या हिरडीलगत सुरू होतो, म्हणजे जिथं तंबाखूची गोळी दाबून ठेवतात तिथंच. २००५ मध्ये गोव्यात गुटखाबंदी झाली. त्यावर बोला की!

म्हापसेकर_७: अर्धंच सांगताय. अमेरिकेत घशाच्या या भागातले सुमारे ७० टक्के कॅन्सर एचपीव्हीशी जोडलेले आहेत. माझ्या मावसभावानं कधी विडीला हात लावला नाही. मानेवर गाठ आली, दुखत नव्हती. 'व्यसन नाही ना? मग कसली काळजी' म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवला. शेवटी टॉन्सिलमध्ये निघालं. तंबाखूचाच घोष लावला की असे पेशंट मागं राहतात.

कुळागरवाला: भावाचं ऐकून वाईट वाटलं. पण अमेरिकेचा आकडा डिचोलीच्या गाड्यावर कशाला आणता? तिथं तंबाखू चघळणारे किती?

सत्तरीची_सून: मुलग्यांनाही एचपीव्हीची लस द्या, एवढंच मी म्हणते. सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लस २०२३ पासून बाजारात आहे, तरी नाव निघतं ते मुलींचंच.

जुना_मास्तर: आणि मुलाला सांगायचं काय, हा रोग कशानं लागतो म्हणून? आमच्या वाड्यावर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

सत्तरीची_सून: मास्तर, हा संसर्ग इतका सर्रास आहे की बहुतेकांना कळतही नाही, वर्षा-दोन वर्षांत शरीरच निपटून टाकतं. काहींच्यात राहून जातो, तिथं धोका. झालेल्या संसर्गावर लस चालत नाही, म्हणून ती लहानपणीच द्यायची. यात चारित्र्य कुठं आलं?

म्हापसेकर_७: कुळागरवाले, एक राहिलंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं तंबाखूशिवायची नुसती सुपारीसुद्धा कॅन्सरकारक ठरवलीय. तिचं नाव तुमच्या पोस्टीत नाही. 😄

कुळागरवाला: सुपारी विकतो, लपवत नाही. खाणाऱ्यांनी आरशासमोर तोंड उघडून उभी तीन बोटं आत जातात का बघावं. जात नसतील तर बांबोळीला डेंटल कॉलेजात दाखवा. तिथं व्हायरसचा मेसेज पुढं करू नका.

म्हापसेकर_७: आणि गाठ असेल तर? व्यसन नसलं तरी?

कुळागरवाला: तरीही. तीन आठवड्यांत गेली नाही तर कान-नाक-घसावाल्याकडे. पण गुटखा सोडून मग.