प्रति: नवशिक्यांनी कोझुमेल की बोनेअर?

स्कूबा डायव्हिंग (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं) शिकणाऱ्या नवशिक्यांना मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावरचं ऑल-इन्क्लुझिव्ह (राहणं-खाणं सगळं एकाच किमतीत) हॉटेल स्वस्त पडतं, असं वरच्या एका प्रतिक्रियेत म्हटलंय. पैशांचं ठीक आहे, पण तिथलं बरंचसं डायव्हिंग बोटीतून उतरून प्रवाहाबरोबर वाहत जायचं असतं. कानातला दाब सांभाळायचा, पाण्यात एका पातळीवर तरंगायला शिकायचं आणि त्यात प्रवाह! पहिल्या आठवड्यात हे फार होतं.

त्यापेक्षा कॅरिबियन समुद्रातलं बोनेअर बेट बघा. पश्चिम किनारा वाऱ्याच्या आडोशाला असल्याने पाणी सहसा शांत असतं, आणि थोडं पोहलं की प्रवाळ सुरू. डाइव्हच्या जागांवर रस्त्याकडेला नाव लिहिलेले पिवळे दगड असतात. हॉटेलवाल्यांना आधी विचारा, समोर हाउस रीफ (हॉटेलच्या किनाऱ्यावरूनच पोहत जाता येईल असं प्रवाळ) आहे का आणि प्रशिक्षण केंद्र आवारातच आहे का. आम्ही तसंच हॉटेल घेतलं. पहिल्या दिवशी बायकोच्या मास्कमध्ये पाणी शिरलं, ती घाबरून वर आली. बोटीवर असतो तर तो दिवस गेलाच असता. इथे चहा घेऊन तासाभराने धक्क्याच्या शिडीवरून ती पुन्हा उतरली, आणि चौथ्या दिवशी 18 मीटरपर्यंत गेली.

परतीचं विमान बघून शेवटचा दिवस कोरडा ठेवा; सलग काही दिवस डाइव्ह केल्यावर उड्डाणाआधी किमान 18 तास जाऊ द्यावे लागतात.