मदत हवी आहे : वीज कंपनीच्या सायबरसुरक्षेसाठी ग्रँट

एकटा_आयटीवाला:
आमच्या कंपनीला सायबरसुरक्षेसाठी सरकारी ग्रँट हवी आहे. फायरवॉल जुनी झालीये, सबस्टेशनचं स्काडा (दूरून यंत्रं चालवणारी यंत्रणा) आणि ऑफिसचं नेटवर्क एकच. मॅनेजर म्हणतो पैसे नाहीत, ग्रँट शोध. अर्ज कुठे करायचा? पुढच्या आठवड्यात बोर्ड मीटिंग आहे, लवकर सांगा. 'गूगल करा' नको, करून झालंय.

झणझणीत_मिसळ:
कुठली कंपनी? कुठला देश? महावितरण असेल तर केंद्राची आरडीएसएस ही वीजवितरण सुधारणा योजना बघा.

सोनल_ना:
आम्ही गेल्या वर्षी घरावर सोलर बसवलं. सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. पोर्टल अगदी सोपं आहे.

एकटा_आयटीवाला:
अमेरिका. आयोवा. सोलर नकोय हो ताई.

तारेवरची_कसरत:
हे आधी लिहायचं ना! को-ऑप (सहकारी) की गावाच्या मालकीची? ऊर्जा खात्याचा आरएमयूसी नावाचा कार्यक्रम खास छोट्या आणि ग्रामीण वीज कंपन्यांसाठीच काढलाय. २०२१ च्या इन्फ्रास्ट्रक्चर कायद्यातून २०२२ ते २०२६ साठी २५ कोटी डॉलर. को-ऑप, म्युनिसिपल, आणि वर्षाला ४० लाख मेगावॉट-तासांहून कमी वीज विकणाऱ्या खासगी कंपन्या पात्र. पण मनात आलं की अर्ज टाकला असं नसतं. फेरी जाहीर होते, मुदत असते. सध्या काय उघडं आहे ते खात्याच्या सीझर या सायबरसुरक्षा ऑफिसला थेट विचारा.

एकटा_आयटीवाला:
को-ऑप. म्हणजे पात्र आहोत. फॉर्मची लिंक?

तारेवरची_कसरत:
सॅम डॉट गव्हवर, म्हणजे सरकारी ग्रँटसाठी लागणाऱ्या नोंदणीच्या साइटवर, को-ऑपची नोंदणी आहे का?

एकटा_आयटीवाला:
डन्स नंबर आहे कुठेतरी.

तारेवरची_कसरत:
डन्स हा जुना ओळख क्रमांक एप्रिल २०२२ पासून बाद. आता त्याच्या जागी यूईआय क्रमांक लागतो. नाव-पत्ता कागदपत्रांशी तंतोतंत जुळला नाही की नोंदणी रखडते. शिवाय दरवर्षी नूतनीकरण. आजच बघा.

मिशिगनचा_म्हातारा:
राज्याकडे जा. राज्यांना सायबर ग्रँटचे २०२२ ते २०२५ या चार वर्षांत १०० कोटी डॉलर होते, त्यातले ८० टक्के स्थानिक संस्थांना आणि किमान २५ टक्के ग्रामीण भागाला.

तारेवरची_कसरत:
काका, ते स्थानिक सरकारांसाठी. यांची को-ऑप सभासदांच्या मालकीची.

फुकट_ते_पौष्टिक:
ग्रँटच्या नादी कशाला लागता? सीसा ही सरकारी सायबरसुरक्षा संस्था बाहेरून स्कॅनिंग फुकट करून देते. वीज कंपन्यांना धोक्यांची माहिती पुरवणाऱ्या ई-आयसॅकचं सभासदत्व फुकट. वार्षिक उत्पन्न १० कोटी डॉलरच्या आत असेल तर ड्रॅगोस ही सायबरसुरक्षा कंपनी स्वतःचं सॉफ्टवेअरही मोफत देते. ग्रँटवर महागडं काही घ्याल, पैसे संपल्यावर लायसन्सचं बिल कोण भरणार?

तारेवरची_कसरत:
आणि ते रिपोर्ट वाचणार कोण? माणूस एकटा आहे. बाहेरून केलेल्या स्कॅनला आतलं सपाट (सगळं एकातच जोडलेलं) नेटवर्क दिसत नाही. मॅसेच्युसेट्समध्ये लिटल्टनच्या वीज-पाणी विभागात व्होल्ट टायफून या चिनी हॅकर टोळीवाले ३०० दिवसांहून जास्त मुक्काम ठोकून होते, २०२३ मध्ये उघडकीस आलं. छोट्यांकडे कोण बघतंय, हा भ्रम आहे.

फुकट_ते_पौष्टिक:
म्हणून पन्नास पानांचा अर्ज लिहीत बसायचं? तोवर हॅकर आत येऊन चहा पिऊन जातील.

प्रवराकाठचा:
अवांतर: आमच्याकडे मुळा-प्रवरा वीज सोसायटी होती. सहकारीच. २०११ ला कारभार महावितरणकडे गेला. अमेरिकेत अजून को-ऑप चालतात हे वाचून बरं वाटलं.

झणझणीत_मिसळ:
१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची बत्ती गुल झाली तेव्हाही चिनी हॅकरांचा हात असल्याचं म्हणाले होते.

प्रवराकाठचा:
राज्य सरकार म्हणालं. केंद्राने मानवी चूक म्हटलं.

झणझणीत_मिसळ:
केंद्राचं काय घेऊन बसलात...

एकटा_आयटीवाला:
राजकारण दुसऱ्या धाग्यावर न्या, प्लीज. सॅमचं लॉगिन अकाउंटंट बाईंकडे आहे, त्या सुट्टीवर. बोर्डाला दाखवू काय?

तारेवरची_कसरत:
डेल्टा-मॉन्ट्रोज, कोलोरॅडो. तुमच्यासारखीच को-ऑप. नोव्हेंबर २०२१ मध्ये सायबरहल्ल्यात ९० टक्के अंतर्गत कॉम्प्युटर यंत्रणा गेली, वीस-पंचवीस वर्षांचा डेटा गेला. वीज चालू राहिली, पण बिलिंग आणि भरणा ठप्प. बोर्डाला बिलिंगची भाषा कळते. सोबत स्काडा वेगळं काढण्याच्या खर्चाचं एक पान द्या, तेच पुढे अर्जाला कामी येईल. बाहेरचा व्हेंडर रिमोटने आत येतो का?

एकटा_आयटीवाला:
बिलिंगवाला येतो. पासवर्ड त्याच्याकडेच असतो, मला माहीत नाही.

फुकट_ते_पौष्टिक:
अहो, मग ग्रँट राहू द्या बाजूला! आज तो रिमोट बंद करा. त्याला काम असेल तेव्हा फोन करेल, तेवढ्यापुरता उघडा. हेही फुकटच आहे.

तारेवरची_कसरत:
याला मात्र +१.