घरफोडीची नुकसानभरपाई : ब इमारतीतील चोरीबाबत सोसायटी ग्रुपवरील चर्चा

ब-३०४ :
सर्वांना नमस्कार. २०२४ च्या दिवाळीत आम्ही गावी गेलो असताना आमच्या घराचा कडीकोयंडा उचकटून चोरी झाली, हे आपण सर्व जाणताच. दोन आरोपींवर दोषारोपपत्र दाखल झाले असून पुढील महिन्यात शिवाजीनगर न्यायालयात माझी साक्ष आहे. चोरीस गेलेल्या साडेअकरा तोळ्यांपैकी एक बांगडी आणि सोन्याची एक लगड एवढेच पोलिसांना मिळाले. सासूबाईंच्या पाटल्या बहुधा त्या लगडीतच वितळल्या. न्यायालय आरोपींकडून नुकसानभरपाई देववू शकते, असे कानावर आले. त्यासाठी नेमके काय करावे, हे कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावे.

क-१०२ :
वहिनी, गुन्ह्यांतील पीडितांसाठी शासनाची भरपाई योजना आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला की तिथून रक्कम मंजूर होते, असे वाचले आहे.

अ-२०१ :
वहिनी, माझी सारी नोकरी न्यायालयाच्या कचेरीत गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. क-१०२ म्हणतात ती योजना खरी आहे, पण ती प्रामुख्याने मृत्यू, अपंगत्व, लैंगिक अत्याचार, ॲसिड हल्ला अशा शारीरिक हानीसाठी आहे. चोरीला गेलेल्या सोन्याची किंमत त्या योजनेतून मिळेल, या आशेवर राहू नये.

आपल्या उपयोगाची तरतूद वेगळी आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत जे कलम ३५७ होते, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३९५ झाले. आरोपी दोषी ठरून त्याला दंड झाला, तर वसूल झालेल्या दंडातून फिर्यादीच्या नुकसानीपोटी रक्कम देण्याचा आदेश न्यायालय करू शकते. आणि शिक्षेत दंडच नसेल, तर आरोपीने भरपाई म्हणून अमुक रक्कम द्यावी असा थेट आदेशही करू शकते. हा फरक वरवर बारीक वाटतो, पण तुमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना पन्नास हजार रुपयांपर्यंतच दंड करता येतो, म्हणजे दंडातून मिळणारी भरपाई त्यापुढे जात नाही. दुसऱ्या प्रकारच्या भरपाईला मात्र कायद्याने अशी मर्यादा घातलेली नाही. म्हणून शिक्षेच्या मुद्द्यावर युक्तिवाद होण्यापूर्वीच सरकारी वकिलांना भेटून हे बोलून घ्यावे.

मी हे कळकळीने लिहितो आहे, कारण भरपाई मागितलीच नाही म्हणून रिकाम्या हाताने परतलेले अनेक फिर्यादी मी पाहिले आहेत. साक्ष झाली की माणूस घरी जातो, निकालाच्या दिवशी फिरकत नाही आणि निकालपत्रात भरपाईविषयी एक ओळही नसते. वास्तविक २०१३ साली अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईच्या प्रश्नाचा विचार करणे आणि ती दिली किंवा नाकारली तरी त्याची कारणे नोंदवणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. तरीही आपला लेखी अर्ज अभिलेखावर असावा, त्यासोबत वस्तूंची यादी, वजने आणि सराफाच्या पावत्या जोडलेल्या असाव्यात.

ड-४०१ :
काका, एक शंका आहे. ज्याच्याकडे काहीच नाही, तो भरपाई देणार कुठून? अशा आदेशाचा कागदापलीकडे उपयोग काय?

अ-२०१ :
शंका रास्त आहे. भरपाईची वसुली दंडाप्रमाणेच होते, म्हणजे जंगम मालमत्तेच्या जप्तीचे वॉरंट काढता येते किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करता येते. भरपाई न दिल्यास कैद भोगावी लागेल, असा आदेशही करता येतो. मात्र अपिलाची मुदत संपेपर्यंत आणि अपील झाल्यास त्याचा निकाल लागेपर्यंत दंडातील रक्कम हाती येत नाही, आणि आरोपी खरोखर निष्कांचन असेल तर कोणतेही वॉरंट सोने उभे करू शकत नाही, हे मी लपवणार नाही. पण चोरीच्या पैशातून आरोपीने दुचाकी घेतली किंवा बँकेत ठेव केली, असे तपासात निघाले असेल, तर नव्या संहितेच्या कलम १०७ खाली ती मालमत्ता जप्त करवून तिची रक्कम पीडितांमध्ये वाटून देण्याची सोय आहे. याविषयी तपास अधिकाऱ्यांना लेखी विचारावे. भरपाई अपुरी वाटली, तर त्याविरुद्ध अपील करण्याचा अधिकार पीडितालाच आहे, हेही लक्षात ठेवावे.

आणि वहिनी, भरपाईच्या आधी मुद्देमाल. बांगडी आणि लगड यांचा ताबा मिळण्यासाठी कलम ४९७ खाली आजच अर्ज करावा, खटला संपण्याची वाट पाहू नये. न्यायालयापुढे आलेल्या मालाचे विवरण १४ दिवसांत तयार करून छायाचित्रे घ्यावीत आणि त्यानंतर ३० दिवसांत त्याच्याविषयी आदेश करावा, असे आता कायद्यातच आहे. हमीपत्र द्यावे लागेल. बांगडीची ओळख पटवणे सोपे आहे, लगडीचे अवघड, कारण त्याच आरोपींवर दुसऱ्याही घरफोड्या असतील तर इतर फिर्यादीही त्याच लगडीवर हक्क सांगतील. म्हणून वजनाचा पुरावा जितका चोख, तितके बरे.

ब-३०४ :
काका, आपण एवढे सविस्तर लिहिलेत, फार धीर आला. पाटल्यांची पावती नाही, त्या सासूबाईंच्या लग्नातल्या आहेत. पण मुलाच्या मुंजीच्या अल्बममध्ये मातृभोजनाच्या वेळच्या छायाचित्रात दोन्ही पाटल्या स्पष्ट दिसतात, आणि २०१९ मध्ये लक्ष्मी रस्त्यावर त्या उजळायला दिल्या होत्या, त्या चिठ्ठीवर वजन लिहिलेले आहे. ती चिठ्ठी देव्हाऱ्याच्या खणात होती म्हणून वाचली. चालेल का?

अ-२०१ :
चिठ्ठी आणि अल्बम दोन्ही मूळ स्वरूपात घेऊन जावे आणि प्रती अर्जाला जोडाव्यात. उजळणीच्या चिठ्ठीवरचे वजन हा चांगला पुरावा आहे. शक्य झाल्यास त्या दुकानातील कोणी साक्षीला येईल का, हेही विचारावे.

आणखी एक विनंती ग्रुपवरील सर्वांना आहे. घटनास्थळाच्या पंचनाम्यावर आपल्याच सोसायटीतील दोघांच्या सह्या आहेत. पंचच न्यायालयात आले नाहीत किंवा ‘सही केली, पण काही पाहिले नाही’ असे म्हणाले, तर खटला कमकुवत होतो, आणि आरोपी निर्दोष सुटले तर कलम ३९५ खाली भरपाईचा प्रश्नच उरत नाही.

ब-३०३ :
त्या दोघांतील एक मी आहे. तुटलेला कोयंडा आणि कपाटाचा वाकवलेला दरवाजा मी स्वतः पाहिला होता, आणि तसेच सांगेन. समन्स परवाच मिळाले. वहिनी, तारीख एकच आहे, आपण सकाळी साडेनऊला एकत्रच निघू.