शांतता राखणे, टिकवणे की नांदवणे?

आमचा सदाशिव पेठेत शनिवारचा वाचनकट्टा असतो, त्यासाठी उत्तर आयर्लंडवर टिपण लिहितेय आणि पहिल्याच वाक्यात अडकलेय. तिथला कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्ष थांबवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे कराराला 'तह' म्हणावं का? तह म्हटलं की मला पुरंदर आठवतो, १६६५, तेवीस किल्ले द्यावे लागले. तहात एक देणारा आणि एक घेणारा, म्हणून तर 'लढाईत कमावलं ते तहात गमावलं' म्हणतो आपण. तिकडे तीसेक वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली, पूर्ण असं कुणीच जिंकलं नाही आणि दोघांनाही त्याच शहरात शेजारी शेजारी राहायचं होतं. मग समेट?

– समेट नको, तो भावाभावांत होतो. करारच बरा. आणि प्लीज 'जातीय संघर्ष' लिहू नका, पेपरात जातीय सलोखा लिहायची सवय आहे आपल्याला पण कॅथलिक-प्रोटेस्टंट या काय जाती नाहीत. 'सांप्रदायिक' पण खटकतं, पुण्यात संप्रदाय म्हटलं की डोळ्यांपुढे पालखी येते. 'पंथीय' लिहा, आणि ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडमध्ये जायचं हा मूळ वाद होता हेही लिहा, नाहीतर नुसतं धर्माचं भांडण वाटेल.

– पंथीय घेतलं, थँक्यू. आता क्रियापद. गणपतीआधी शांतता समितीच्या बैठका होतात, तिथे शांतता 'राखतात', म्हणजे पहारा. बेलफास्टमध्ये वस्त्यांच्या मधे भिंती आहेत अजून, ते राखणं झालं. पण पुढाऱ्यांनी जे केलं ते त्याच्या पलीकडचं आहे. करारावरच्या सार्वमतात उत्तर आयर्लंडमध्ये ७१ टक्के होकार आला, तीन महिने व्हायच्या आत तिथल्या ओमा गावात बॉम्ब फुटून २९ जण गेले, तरी करार मोडू दिला नाही. २००२ ला दोन्ही बाजूंचं एकत्र सरकार बंद पडलं, २००५ ला आयआरए या आयर्लंडवाद्यांच्या सशस्त्र संघटनेची हत्यारं निकामी झाली, आणि २००७ ला ब्रिटनवाद्यांचे इयन पेस्ली आणि आयर्लंडवाद्यांचे मार्टिन मॅकगिनेस, जन्मभराचे विरोधक, एका सरकारात बसले. प्रथममंत्री आणि उपप्रथममंत्री, नावं वेगळी पण अधिकार सारखे, एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचंही पद जातं. नंतर २०१७ आणि २०२२ ला परत बंद, २०२४ ला परत सुरू. हे सगळं म्हणजे शांतता 'नांदवणं' असं मला फार वाटतंय, घर नांदतं तशी शांतताही नांदते म्हणतोच की आपण.

– नांदणं सुंदर आहे पण नांदवणं नको हो. सुनेला सासरचे नांदवतात, किंवा 'नांदवत नाहीत' म्हणून ती कोर्टात जाते. त्यात एकाच्या हातात सगळं असतं. तुम्हीच लिहिलंय ना अधिकार सारखे म्हणून.

– हे डोक्यातच आलं नव्हतं. बरोबर आहे, बदलते. आता वाक्य असं केलंय: 'करार १९९८ मध्ये झाला, एकत्र नांदणं अजून चालू आहे.' 'चालू आहे' ठेवू की 'जमवताहेत'?

– जमवताहेत.