आजीची नाणी
'खेड्यातल्या माणसाला राज्य बदललं काय नि न बदललं काय' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. माझी आजी लग्न होऊन परभणीकडच्या एका घरात आली आणि तिथंच शेवटपर्यंत राहिली. तेवढ्यात निजाम गेला, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. तारखा तिला ठाऊक नव्हत्या, नाणी पक्की लक्षात होती. सात हाली (निजामाचे रुपये) म्हणजे सहा कलदार (भारत सरकारचे रुपये), हा हिशोब तोंडपाठ.

तो अंगवळणी पडतोय तोच १९५७ ला नये पैसे आले, सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. एका आण्याचे सहा, पण चार आण्यांचे पंचवीस! सुटं सुटं घेतलं तर चोवीसच. "मधला पैसा वाण्याच्या गल्ल्यात," म्हणत ती कनवटीची गाठ आणखी आवळायची.