सर्कशीच्या कसरती शिकवणारे निवासी उन्हाळी शिबिर: अकरा वर्षांच्या मुलीला पाठवावे का?

दारव्ह्याचा कास्तकार

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात शेती करतो. माझी मुलगी अकरा वर्षांची असून यंदा सहावीत जाणार आहे. तिच्या क्रीडाशिक्षकांनी बारा दिवसांच्या एका निवासी शिबिराची माहिती दिली आहे. तेथे चेंडूंची झेलाझेल, उंच काठ्यांवर चालणे, तारेवरचा तोल, टांगत्या झोक्यावरील कसरती, मानवी मनोरे आणि विदूषकी शिकवणार आहेत. शिबिर मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, सुट्टीमुळे रिकाम्या असलेल्या एका आश्रमशाळेच्या आवारात होणार आहे.

मुलीला जायचेच आहे. गोठ्याच्या आडव्या बल्लीवरून ती चालत जाते आणि मी ओरडलो की तेवढ्यापुरती खाली उतरते, त्यामुळे हे वेड कोणी जाणकाराने हाताळलेले बरे, असे मला वाटते. माझ्या वडिलांचा मात्र ठाम विरोध आहे. डोंबाऱ्याचे खेळ शिकायला घरची पोर पाठवायची काय, असे ते विचारतात. शिवाय सर्कशीत लहान मुलांना बंदी आहे, असे कोणीतरी त्यांच्या कानावर घातले आहे. मला स्वतःला उन्हाची आणि पडण्याची धास्ती आहे. अशा शिबिरात मुलांचा दिवस कसा जातो आणि पाठवण्यापूर्वी आयोजकांना काय विचारावे, हे अनुभव असलेल्यांनी सांगावे.

खांबावरचा मास्तर

दादा, मी अमरावतीजवळच्या गावात मुलांना मल्लखांब शिकवतो. तुमच्या वडिलांच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तो मीही माझ्या घरात ऐकलेला आहे. इटलीच्या कियारिनी यांची सर्कस मुंबईत आल्यानंतर विष्णुपंत छत्रे या मराठी माणसाने स्वतःची सर्कस उभी केली आणि तिचा पहिला खेळ २० मार्च १८८० रोजी केला. भारतीय सर्कस तेथून सुरू होते. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले व्यायामप्रकार तेथे दाखवून आले. म्हणजे अंगाच्या कसरती ही आपल्याकडे नवी किंवा परकी गोष्ट नाही.

परंतु डोंबाऱ्याच्या खेळात काही कमीपणा आहे, हेच मला मुळात मान्य नाही. बांबूच्या दोन कैच्यांवर ताणलेल्या दोरावरून आडवी काठी धरून चालणाऱ्या मुलीला जे येते, ते माझ्या मुलांना शिकवायला वर्ष पुरणार नाही. त्या काठीचे वजन दोन्ही टोकांपर्यंत पसरलेले असते, म्हणून अंग कलंडू लागले तरी सावकाश कलंडते आणि सावरायला वेळ मिळतो. हे शास्त्र त्या मुलीला कोणी फळ्यावर समजावलेले नसते. फरक आहे तो एवढाच की पोटासाठी तिला त्या दिवशी चालावेच लागते, आणि तुमच्या मुलीला भीती वाटली तर तिला खाली बसून राहता येईल.

बंदीचे म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०११ रोजी सर्कशीत मुलांना कामावर ठेवण्यास मनाई करण्याचे निर्देश दिले. त्यामागे मुलांना पळवून आणून राबवून घेण्याचे प्रकार होते. फी भरून शिकायला जाणे ही नोकरी नव्हे. मात्र शिबिरानंतर मुलांना तिकिटाच्या खेळांसाठी गावोगाव नेण्याची भाषा कोणी केली, तर तेथेच थांबा.

आता महत्त्वाचे. टांगता झोका किंवा दोर कशाला बांधणार, हे प्रत्यक्ष जाऊन पाहा. झोका आडवा होईपर्यंत वर नेऊन सोडला, तर तळाशी येताना दोरावर अंगाच्या वजनाच्या तिप्पट ओढ पडते. तीस किलोची मुलगी त्या क्षणी नव्वद किलोची असते, आणि झाडाची जुनी फांदी किंवा पत्र्याच्या छपराचा लोखंडी अँगल एवढा भार पेलेलच असे नाही. छपराला दोर बांधलेला दिसला तर मुलीला सोबत घेऊनच परतावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तारेची उंचीही विचारा. शिकाऊ मुलांची तार गुडघ्याएवढी असावी, कारण तोल दोन फुटांवर शिकला काय आणि वीस फुटांवर शिकला काय, पायांना तो सारखाच असतो.

आर्वीची आई

माझा मुलगा दोन वर्षे अशा शिबिराला जातो आहे, म्हणून दिवसाबद्दल मी सांगते. पहाटे पाचला उठवतात, साडेपाच ते साडेआठ मैदानावर सराव होतो आणि ऊन चढण्यापूर्वी सर्वजण आत येतात. दुपारी जेवणानंतर झोप सक्तीची असते. त्यानंतर कूलरसमोर बसून मुले चेंडू शिवतात, मुखवटे रंगवतात, विदूषकाचे प्रसंग रचतात, आणि सायंकाळी साडेपाचनंतर पुन्हा सराव होतो. आंबील, ताक आणि कैरीचे पन्हे यांना तोटा नसतो. हे वेळापत्रक लेखी मागून घ्या. आधी एका ठिकाणी आम्ही विश्वासाने मुलाला सोडले होते आणि तेथे भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये सराव चालू होता. दोन मुलांना घेरी आल्याचे कळले तेव्हा आम्ही चौथ्याच दिवशी त्याला घरी आणले. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात त्या उन्हामुळेच, हे बाहेरून आलेल्या प्रशिक्षकांच्या लक्षात येतेच असे नाही. तुमचे शिबिर नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, आधी संपते, ही जमेची बाजू आहे.

पहिले तीन-चार दिवस केवळ पडायला शिकवतात, याचे मला फार नवल वाटले होते. हनुवटी छातीला लावून गोल लोळायचे आणि मागे पडताना हात ताठ टेकायचे नाहीत, कारण पहिला मार मनगटावर बसतो. मनोऱ्यात तळाच्या मुलाच्या पाठीच्या मध्यावर कधीही गुडघा टेकवायचा नाही, कमरेखालच्या हाडावर किंवा खांद्यावर भार द्यायचा, आणि उतरताना सर्वांत वरच्याने प्रथम उतरायचे. माझा मुलगा अंगाने थोराड असल्यामुळे नेहमी तळाला असतो. पहिल्या वर्षी तिसऱ्या रात्री त्याने फोनवर रडून सांगितले की, सगळे वर चढतात आणि मला नुसते ओणवे राहावे लागते. शेवटच्या दिवशी गावकऱ्यांसमोर खेळ झाला तेव्हा वरची मुलगी डगमगली. हा खालून मान न उचलता तिला नावाने हाक मारून थांब म्हणाला आणि ती थांबली. त्यानंतर त्याने वर चढण्याचा विषय काढला नाही. आता मात्र तो घरात माझ्या आईलाही खुर्चीवरून उठताना सूचना देतो.

मुली असतील तर मुक्कामाला महिला प्रशिक्षक असणे आवश्यक आहे, हे वेगळे सांगायला नको. पैंजण, बाळ्या, बांगड्या घरीच काढून ठेवा. दोरात अडकल्या तर इजा होते.

नेरचा भाऊ

मी तरी पाठवणार नाही. बारा दिवसांत झोक्यावरच्या कसरती शिकवतो म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. शिवाय हात मोडला तर हाडाचे डॉक्टर किती अंतरावर आहेत, हा प्रश्न येथे अजून कोणीच विचारला नाही. १०८ ची रुग्णवाहिका बोलावता येते, हे खरे असले तरी रात्री आवारात एक वाहन आणि चालक मुक्कामी असलाच पाहिजे.

गोंदियाचा गेडीवाला

नेरच्या भाऊंशी मी निम्मा सहमत आहे, आणि मी स्वतः अशा शिबिरांत शिकवतो. बारा दिवसांत झोक्यावर नीट बसणे, लोंबकळणे आणि सुखरूप उतरणे एवढेच होते, आणि तेवढेच व्हावे. खरे शिक्षण जमिनीवरचे असते. आमच्याकडे छत्तीसगडच्या सीमेलगत मुले पावसाळ्यात बांबूच्या गेडीवर चालतात, त्यामुळे उंच काठ्यांचे त्यांना कौतुक वाटत नाही. त्यांना अडवतो तो चेंडू.

तीन चेंडू झेलताना जवळपास प्रत्येक मूल एकच चूक करते. उजव्या हाताने चेंडू वर फेकते आणि डाव्या हातातला चेंडू न फेकता आडवा उजवीकडे सरकवून देते. मग तिसऱ्या चेंडूला जागाच उरत नाही. म्हणून आधी एकच चेंडू डोळ्यांच्या उंचीपर्यंत कमानीत फेकायचा, मग दोन घ्यायचे आणि पहिला माथ्यावर पोहोचला की दुसरा सोडायचा. नजर हातांकडे नव्हे, तर त्या माथ्याकडे ठेवायची. मुले चेंडूमागे पुढे पुढे चालत जातात, म्हणून मी त्यांना भिंतीसमोर उभे करतो, आणि चेंडू उचलण्यासाठी सारखे वाकावे लागू नये म्हणून मध्ये खाट ठेवतो. चेंडू विकत घेऊ नका. फुग्यात शंभर-सव्वाशे ग्रॅम ज्वारी भरून, तोंड कापलेला दुसरा फुगा वरून चढवला की पडल्यावर घरंगळत न जाणारा चेंडू तयार होतो.

मुलगी बुजरी असेल तर तिला विदूषकीचा तास सर्वांत अवघड जाईल, तारेचा नाही. तारेवरून पडले तर गादी असते. हसवायला गेले आणि कोणी हसले नाही तर काय करायचे, हे शिकायला अधिक दिवस लागतात. तिला आधीच सांगून ठेवा की त्या तासाला रडणारी ती पहिली नसेल.

दारव्ह्याचा कास्तकार

सर्वांचे आभार. वखरणीतून सवड काढून काल आश्रमशाळेत जाऊन आलो. झोक्यासाठी जमिनीत रोवलेला लोखंडी सांगाडा आहे आणि छपराला काहीही बांधलेले नाही. तार दोन फुटांवर असून खाली गाद्यांच्या आधी कुटाराची (भुसकटाची) पोती अंथरली आहेत. दोन महिला प्रशिक्षक मुक्कामी राहणार आहेत. रात्रीच्या वाहनाची व्यवस्था नव्हती. नेरच्या भाऊंचा मुद्दा मी मांडला आणि त्यांनी ती करण्याचे लेखी दिले, म्हणून नाव नोंदवले.

वडिलांना विष्णुपंत छत्रे यांची हकिकत वाचून दाखवली. त्यांनी होकार दिला नाही, परंतु चेंडूंसाठी ज्वारी त्यांनीच कोठीतून काढून, चाळून दिली. पहिले दोन फुगे फुटून ती अंगणातल्या कोंबड्यांच्या पोटात गेली. तिसरा चेंडू टिकला आहे. मुलीने नखे कापली, बाळ्या उतरवल्या. पैंजणांवरून घरात अजून वाद चालू आहे.