चुनखडकांच्या साठ्यांवर करिअर: थिन सेक्शन येतं, पुढे काय शिकावं?

प्रश्न (ऊलाइट):
भूविज्ञानात एमएस्सीचं शेवटचं सत्र चालू आहे आणि कार्बोनेट खडकांतल्या (चुनखडक, डोलोमाइट) तेलसाठ्यांवर काम करायचं आहे. डनहॅम वर्गीकरण (कण आणि चिखलाच्या प्रमाणावरून चुनखडकाचे प्रकार) जमतं, थिन सेक्शन (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा खडकाचा पातळ काप) वाचता येतं. जाहिरातींत मात्र पेट्रोफिजिक्स (मोजमापांवरून खडकाचे गुणधर्म काढणं), मॉडेलिंग आणि पायथन मागतात. आधी काय शिकावं? पीएचडी गरजेची आहे का? तेलाचं काम कमी झालं तर हे ज्ञान कुठे चालतं?

स्टायलोलाइट:
डनहॅमवर (१९६२) थांबू नका. गाळ कसा साचला ते त्यातून कळतं, पण तेल वाहणार की नाही हे छिद्रं ठरवतात आणि ती नंतर पार बदललेली असतात. ग्रेनस्टोनमधले (चिखल नसलेल्या, कणांच्या चुनखडकातले) ऊइड (चुन्याचे बारीक गोल कण) विरघळून पोकळ्या झाल्या आणि मधल्या जागा सिमेंटने बुजल्या, तर सच्छिद्रता २५ टक्के दिसूनही पारगम्यता (द्रव वाहू देण्याची क्षमता) जेमतेम काही मिलिडार्सी (तिचं एकक) मिळते. म्हणून प्रत्येक नोंदीत चोकेट-प्रे (१९७०) पद्धतीने छिद्राचा प्रकार लिहा आणि लुसियाचा रॉक-फॅब्रिक वर्गही (कणांचा आकार आणि रचना यांवरून ठरणारा) द्या.

थिन सेक्शनचं रंजन (खनिजं ओळखायला रंगवणं) हाताने करता आलंच पाहिजे. १.५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाच्या १०० मिलीत ०.२ ग्रॅम अ‍ॅलिझारिन रेड एस घाला. अर्ध्या-पाऊण मिनिटात कॅल्साइट लाल होतं, डोलोमाइट बिनरंगी राहतं. आम्ल तीव्र झालं की काप खरवडला जातो. धुताना बोट लावलंत तर रंगाचा थर निघून येतो. आणि हे सगळं कव्हर स्लिप लावायच्या आधी! (हे सांगावं लागतं.)

मायक्रोपोअर:
वरचं सगळं मान्य, पण नोकरी मिळते ती हे लॉगशी (विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या खोलीनुसार नोंदींशी) जोडता आलं तर. दोन गणितं करून बघा.

पहिलं: घनता लॉग २.५० ग्रॅम/घसेमी दाखवतोय. खडक कॅल्साइट (२.७१) धरला तर सच्छिद्रता सुमारे १२ टक्के येते, डोलोमाइट (२.८७) धरला तर जवळपास २०. छिद्रांतल्या द्रवाची घनता १.० धरलीय. म्हणजे खनिज ओळखण्यात चूक झाली की साठ्याचा आकडाच बदलतो.

दुसरं: आर्चीच्या समीकरणातला (खडकाच्या विद्युत रोधावरून छिद्रांतलं पाणी काढायचं सूत्र) एम, म्हणजे छिद्रं कशी जोडलीत त्यावर ठरणारा घातांक. सवयीने २ टाकतात. सुट्या-सुट्या, एकमेकांशी न जोडलेल्या पोकळ्या असतील तर तो २.५ किंवा ३ च्याही वर जातो, भेगांमुळे उलट २ च्या खाली उतरतो. सच्छिद्रता २० टक्के आणि एन (त्याच सूत्रातला संपृक्ततेचा घातांक) २ असताना एम २ ऐवजी २.५ घेतला की पाण्याची संपृक्तता (छिद्रांतला पाण्याचा वाटा) दीडपट होते. ४० टक्के पाणी समजून तेल काढायला छिद्रित केलेल्या थरात खरं ६० टक्के निघतं. एम किती घ्यायचा हे थिन सेक्शन बघणाराच नीट सांगू शकतो, तेच तुमचं भांडवल.

सरावाला कॅन्सस जिऑलॉजिकल सर्व्हेच्या संकेतस्थळावर चुनखडकांच्या विहिरींच्या एलएएस फाइली (लॉगचे आकडे असलेल्या) खुल्या आहेत. पायथनमध्ये त्या लासिओ या लायब्ररीने उघडतात. नॉर्वेच्या व्होल्व्ह तेलक्षेत्राचा डेटा सगळे सुचवतात, पण त्याचा साठा वालुकाश्माचा आहे.

हार्डग्राउंड:
पीएचडीबद्दल: कंपन्यांच्या संशोधन केंद्रांत ती बहुधा लागतेच, उत्पादन क्षेत्राच्या टीममध्ये एमएस्सीवर प्रवेश मिळतो. करायचीच असेल तर कोअर (विहिरीतून काढलेला खडकाचा दंडगोल), लॉग आणि विहीर-चाचणी (विहिरीतून द्रव वाहवून घेतलेली चाचणी) तिन्ही मिळणारा विषय घ्या आणि डेटा प्रसिद्ध करायची परवानगी पहिल्या महिन्यातच लेखी मागा. गोपनीयतेत अडकलेला प्रबंध पुढे फारसा दाखवता येत नाही.

विहीर-चाचणी का? दीड इंची प्लग (कोअरमधून कापलेला मोजमापाचा नमुना) अखंड खडकातूनच निघतो. भेगाळलेला भाग तुटतो आणि मोजायचा राहतो, मोठी पोकळी प्लगमध्ये मावत नाही. त्यामुळे चाचणीतली पारगम्यता प्लगच्या दसपट आली तरी दचकू नका. अशा थरात अख्ख्या कोअरचं सीटी स्कॅन आणि इमेज लॉग (विहिरीच्या भिंतीचं चित्र) बघा.

तेलाबाहेर भूऔष्णिक ऊर्जा आहे: म्युनिक परिसरात उत्तर ज्युरासिक कार्बोनेटांतून गरम पाणी काढतात, तिथेही प्रश्न भेगा आणि कार्स्टचाच (पाण्याने खडक विरघळून झालेल्या पोकळ्या). कार्बन डायऑक्साइड साठवणुकीत विहिरीजवळचं आम्लधर्मी पाणी कॅल्साइट विरघळवतं, तेव्हा भूरसायन शिकून ठेवा.

ऊलाइट:
आभार. एम प्रयोगशाळेत मोजून घेतला तर पुरेल का?

मायक्रोपोअर:
प्लगपुरता पुरेल. तोच सगळ्या थराला लावू नका, छिद्रप्रकारानुसार वेगळा ठेवा. आणि प्लग मोजण्याआधी टोल्युइन-मिथेनॉलने नीट धुतलाय ना, तेवढं विचारा. आत मीठ राहिलं तर सच्छिद्रता कमी दिसते.